चाकांवर आले म्हणून घराची गाडी होत नाही

अमेरिकेत स्वस्तात घर शोधणाऱ्यांमध्ये एक संदेश बराच फिरतो आहे. मोबाइल होम, म्हणजे कारखान्यात बांधून चाकांवर जागेवर आणलेले घर, ही कायद्याने गाडीच असते. तिला बांधकाम परवाना लागत नाही, ती आपल्या जमिनीवर कुठेही ठेवता येते, मालमत्ता कर बसत नाही आणि वाटेल तेव्हा ती दुसऱ्या राज्यात ओढून नेता येते, असे त्यात म्हटले आहे. यातले प्रत्येक विधान अर्धवट खरे असल्यामुळेच ते पटते.

गाडीचे विधान मालकीच्या कागदावरून आले असावे. फ्लोरिडात अशा घराचे टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, वाहन खाते देते, आणि घर दोन भागांचे असेल तर टायटलही दोन असतात. कॅलिफोर्नियात मात्र हे काम राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे आहे. कागद कोणीही दिला तरी तो मालकी सांगतो. जिथे घर ठेवले तिथे राहण्याची मुभा देत नाही. घराची बांधणी 1974 च्या संघीय कायद्याखाली येते. त्यातील मानके 15 जून 1976 पासून लागू झाली आणि त्यानंतर कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक भागावर बाहेरच्या बाजूस लाल धातूची पट्टी लागू लागली. ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’ म्हणतात ते याच घरांना. त्याआधीची ती ‘मोबाइल होम’. हा केवळ शब्दांचा खेळ नाही, कारण टेक्सासमध्ये शहरांना आपल्या हद्दीत राहण्यासाठी जुनी मोबाइल होम बसवण्यास सरसकट मनाई करता येते.

परवान्याबाबत खरे एवढेच, की संघीय मानकांमुळे स्थानिक संस्थेला घराच्या भिंती किंवा आतली वायरिंग स्वतःच्या बांधकाम नियमांनी तपासता येत नाही. ती तपासणी कारखान्यातच झालेली असते. पण पाया, घर जमिनीला जखडणारे अँकर, वीज-पाण्याची जोडणी, सेप्टिक टँक, दारासमोरचा जिना हे सारे जागेवर होते, आणि त्यासाठी स्थानिक परवाने व तपासण्या लागतातच.

‘कुठेही ठेवा’ हा सल्ला सर्वांत महागात पडणारा आहे. कोणत्या भागात अशी घरे चालतील हे शहर किंवा काउंटीचे (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे) झोनिंग, म्हणजे जमीनवापराचे नियम, ठरवते, आणि जमिनीच्या खरेदीखतातील खासगी अटी त्याहून कडक असू शकतात. जमिनीचा प्रश्न सुटला तरी वाऱ्याचा उरतो. 1992 च्या अँड्र्यू चक्रीवादळात फ्लोरिडातील अशा घरांची झालेली दैना पाहून 1994 मध्ये वाऱ्याविषयीची मानके कडक करण्यात आली. वाऱ्याच्या जोरानुसार देशाचे तीन वायुविभाग असून, पहिल्या विभागासाठी बांधलेले घर दुसऱ्या वा तिसऱ्या विभागात बसवता येत नाही. उलट मात्र चालते. आपले घर कोणत्या विभागाचे, हे आतल्या माहितीपत्रकावर नकाशासह छापलेले असते. ते बहुधा स्वयंपाकघरातील कपाटाच्या आत किंवा विजेच्या पॅनेलजवळ चिकटवलेले असते, आणि जुने घर घेताना रंगसंगतीआधी तेच वाचावे.

कराविषयी थोडक्यात. फ्लोरिडात जमीनही आपलीच असेल तर अशा घरावर स्थावर मालमत्तेप्रमाणे कर बसतो. भाड्याच्या जागेवर असेल तर दरवर्षी शुल्क भरून स्टिकर घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात 1 जुलै 1980 पासून नव्याने विकलेली घरे स्थानिक मालमत्ता कराखालीच येतात. करमुक्ती यांपैकी कशातच नाही.

राहिली ओढून नेण्याची गोष्ट. चासिस, म्हणजे घराखालची चौकट, कायमची असली तरी चाके आणि आस बहुतेक वेळा घर बसवल्यावर काढून टाकतात. महामार्गांवर वाहनाच्या रुंदीची सर्वसाधारण मर्यादा साडेआठ फूट आहे आणि घराचा एकेक भाग 14 ते 16 फूट रुंद असू शकतो. त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक राज्याचा अतिरुंद वाहतुकीचा परवाना काढावा लागतो, आणि अनेक ठिकाणी थकीत कर भरल्याशिवाय घर हलवू देत नाहीत. नव्या जागी पोचल्यावर झोनिंग, वायुविभाग, पाया, अँकर आणि तपासणी हे सगळे पुन्हा पहिल्यापासून.