नाल झिजली नाही, तरी काढायचीच

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : अलिबागच्या पुळणीवर घोडा बिनतक्रार पळतो, डांबरावर आला की लंगडतो, तेव्हा दोष रस्त्याचा. आणि नाल शाबूत असताना दर दीड-दोन महिन्यांनी नालबंद बोलवा म्हणणारा मी पुस्तकी माणूस.

पुस्तकी म्हणा, हरकत नाही. पण खापर रस्त्याच्या माथी नको. खुरातलं दुखणं मऊ वाळूत झाकलं जातं, कडक जमिनीवर उघडं पडतं. घोडा सरळ रस्त्यावर दुडक्या चालीने समोरून आणवा आणि डोकं तेवढं बघा. दुखरा पुढचा पाय टेकताना मान वर जाते, चांगला टेकताना खाली. पुष्कळजण नेमकं उलटं धरतात आणि धडधाकट पायाला तेल चोळत बसतात!

आता नालेचं. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो, आणि नाल ठोकली की तो खालून झिजत नाही. डांबरावर नाल घासून जाते म्हणून बदलावी तरी लागते. पुळणीवर ती टिकते, हीच खरी गोम. नाल टिकते, आत खुराचं टोक पुढे सरकत राहतं, टाचा खाली चेपतात. बाजूने पाहा. खुराची पुढची रेघ आणि त्यावरच्या तिरक्या भागाची रेघ एकाच ओळीत हवी. ती मागे मोडलेली दिसली, तर पाऊल उचलताना लांब टोकावरून उलटायला घोड्याला जास्त जोर लागतो. तो ताण पायामागून खुरात उतरणाऱ्या जाड कंडरेवर आणि तिच्या खालच्या छोट्या नेव्हिक्युलर हाडावर येतो.

खाऱ्या पाण्याचं म्हणालात, तेही खरं. सारखं भिजून-सुकून खूर पिचतो, खिळ्यांची पकड सुटते. पण मग नालबंद लवकरच बोलवायला हवा ना?

खर्चाचा मुद्दा मात्र सोळा आणे मान्य. मंदीत दाणावैरणीलाच पुरत नाही. पण दर खेपेला नवी नाल कशाला? जुनी काढायची, खूर तासायचा, बसत असेल तर तीच पुन्हा ठोकायची. मजुरी तेवढी पडेल. फक्त वाढलेलं टोक एकाच दमात उडवू देऊ नका, दर खेपेला थोडं थोडं. टोकाची भिंत केसांच्या कडेपासून खालपर्यंत नवी यायला जवळजवळ वर्ष जातं.

आणि तुमचा घोडा पाय टेकवतच नसेल किंवा खूर हाताला गरम लागत असेल, तर आधी पशुवैद्य, नालबंद नंतर.