भगवे फादर, रविवारची गर्दी आणि बेळगावात फिरणारा एक मेसेज

नाताळ जवळ आला की बेळगावच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो. सीमाभागातली चर्चेस गेल्या वीस-पंचवीस वर्षांत परदेशी पैशावर उगवली, त्यांचे फादर भगवी वस्त्रं घालून लिंगायतांना फसवतात, मराठी-कन्नडमधली प्रार्थना हे जाळं आहे, रविवारी कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात, दिसणारे परके चेहरे हा त्याचा पुरावा, शाळा-दवाखाने हे आमिष, आणि लाखोंच्या धर्मांतराची लाट आलीय. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग आणि दहा जणांना पाठवण्याची आज्ञा.

असल्या मेसेजला कोण उत्तर देत बसतं, हे खरंच. पण डिसेंबर 2021 मध्ये याच शहरात चर्चच्या आवारात एक माणूस हत्यार घेऊन फादरच्या मागे लागला होता आणि ते सीसीटीव्हीत दिसलं. त्याच महिन्यात, 23 तारखेला, इथल्याच सुवर्ण विधानसौधातल्या अधिवेशनात धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेने मंजूर केलं. तेव्हा ग्रुपवरची बडबड ग्रुपवरच राहते असं म्हणायची सोय उरलेली नाही.

‘वीस-पंचवीस वर्षांत उगवली’ हा पहिला दावा फार वेळ घेत नाही. 1818 मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि 1820 मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बल्लारीहून इथे आले. पुढे विल्यम बेनन आले. बेनन स्मिथ हायस्कूलच्या पाटीवरचे बेनन ते हेच. 1904 मध्ये ते काम अमेरिकन मेथॉडिस्टांकडे गेलं. येशूसंघी (जेजुइट) फादरांची सेंट पॉल्स शाळा 1856 ची. खानापूर, नंदगड, लोंढा या पट्ट्यातली कॅथलिक घरं गोव्याशी नाळ असलेली, पिढ्यान्‌पिढ्यांची. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत (बिशपच्या कारभाराचा प्रदेश) 1953 मध्ये स्थापन झाला आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात ढकललं गेलं 1 नोव्हेंबर 1956 ला. म्हणजे ज्या सीमेवरून आपण दर 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळून मोर्चे काढतो, तिच्यापेक्षा हा धर्मप्रांत तीन वर्षांनी मोठा आहे. नवीन प्रार्थनाघरं अलीकडे झालीच नाहीत असं नाही. गल्लीबोळांत, भाड्याच्या हॉलमध्ये झाली आहेत. पण ती जुन्या झाडाची फांदी आहे की वेगळंच रोपटं, हे न पाहता सगळ्यांना एकाच पोत्यात भरणं हा आळस झाला.

आता भगवे फादर. मेसेजसोबतचा फोटो बैलहोंगल तालुक्यातल्या देशनूरचा असतो. तिथे येशूसंघाच्या फादरांनी गेल्या शतकात लिंगायतांच्या विरक्त (संन्यासी) मठाच्या धर्तीवर एक मठ उभा केला. बांधणी लिंगायत मठासारखी, फादरांच्या अंगावर कावी वस्त्रं, ताटात शाकाहार. फोटो खरा आहे. ‘चोरून चाललंय’ हे खोटं आहे. मठाला नावच बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं आहे. हे ख्रिस्ती फादरांचं ठिकाण आहे हे त्या भागात कुणापासून लपलेलं नाही. फसवायचंच असतं तर असं नाव कुणी कशाला दिलं असतं?

आणि ही कल्पना देशनूरची नव्हेच. 1606 मध्ये रॉबर्ट दि नोबिली हा इटालियन पाद्री मदुरैत पोचला. त्याने संन्याशाचा वेष घेतला, मांस सोडलं, तमिळ-संस्कृत शिकला. त्याच्यावर सगळ्यात आधी तुटून पडले ते त्याचेच लोक. हा बाटला, याने धर्म विकला, अशा तक्रारी गोव्याहून रोमपर्यंत गेल्या. 1623 मध्ये पोपने त्याच्या बाजूने कौल दिला, 1744 मध्ये दुसऱ्या पोपने या ‘मलबारी रीती’ जवळजवळ बंद केल्या, आणि त्या बाबतीतली सक्ती सैल व्हायला 1940 उजाडलं. पुढे 1962 ते 65 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्थानिक रीतीभातींना दार उघडलं आणि त्यानंतरच देशनूरसारखे प्रयोग मोकळेपणी होऊ लागले. म्हणजे ज्याला मेसेज ‘नवा डाव’ म्हणतो, त्यावर चर्चच्या आतच सव्वातीनशे वर्षं भांडण चाललं होतं. मराठीत तर याच्याही खुणा आहेत. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 चं, ओवीत बांधलेलं, आणि तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळक अभंग आणि कीर्तन घेऊनच उभे राहिले.

तरीही इथे माझं मत त्या फादरांच्या बाजूने पूर्ण नाही. कावी वस्त्र ही एक गोष्ट. पण इष्टलिंग, म्हणजे गळ्यात बाळगायचं छोटं शिवलिंग, हा लिंगायतांसाठी दागिना नसतो, तो दीक्षेचा भाग असतो. त्या परंपरेच्या खुणा दुसऱ्या धर्माच्या माणसाने, कितीही आदराने का होईना, उचलल्या तर एखाद्या स्वामींना किंवा साध्या भक्ताला ते टोचू शकतं, आणि टोचलं तर त्यांनी ते तोंडावर सांगावं. हा वाद दोन परंपरांमध्ये समोरासमोर बसून घालायचा आहे. ‘फसवणूक’ हा फौजदारी आरोप आहे. दोन्हींची सरमिसळ करून मेसेज खऱ्या आक्षेपालाच भुईसपाट करतो.

भाषेच्या दाव्यात तर मजा आहे. आम्हा मराठी लोकांना सांगितलं जातं की चर्च इथे कन्नड घुसवतंय. कन्नड बाजूच्या कुणाला विचारा, त्याला कोकणी आणि मराठी मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) खुपतात. 1963 पर्यंत कॅथलिक मिस्सा लॅटिनमध्ये होती. व्हॅटिकन परिषदेने परवानगी दिल्यावर जिथे जे भाविक, तिथे ती भाषा आली. प्रोटेस्टंटांचं तर पहिल्यापासून स्थानिक भाषेवरच चाललं. मिशनरी विल्यम कॅरीने बंगालातल्या सेरामपूरला मराठी नवा करार छापला तो 1811 मध्ये, तेव्हा पेशवाई शाबूत होती. बंगळुरात कन्नड कॅथलिकांनी ‘आमच्या भाषेत उपासना हवी’ म्हणून स्वतःच्याच चर्चशी वर्षानुवर्षं भांडण केलं. भाविकच जे मागून घेतात, त्याला जाळं कसं म्हणायचं?

रविवारच्या परक्या चेहऱ्यांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण मेसेजमधला हा भाग लोकांना सगळ्यात पटतो. फोटोत दिसतं काय? कॅम्पातल्या चर्चबाहेर जीन्स घातलेली ईशान्येकडची पोरं, केसांत अजून ओल असलेल्या केरळच्या नर्स, दोघे-तिघे काळेसावळे मजूर. ‘बघा, कुठून कुठून आणतात!’ अहो, आणत कुणी नाही. त्यांना बेळगावनेच बोलावलंय. इथे मेडिकल आणि इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत. केएलई या इथल्या शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमात मलेशियातून मुलं शिकायला आली आहेत. कमांडो प्रशिक्षणाला आणि सांबऱ्याच्या हवाई दलाच्या केंद्रात देशभरातून जवान येतात. उद्यमबागच्या फाउंड्र्यांना बाहेरचे हात लागतात. नागालँड आणि मिझोरम ही ख्रिस्ती बहुसंख्य राज्यं. झारखंडच्या उरांव-मुंडा आदिवासींमधलेही बरेचजण ख्रिस्ती. ही माणसं गाडीतून उतरली तेव्हाच ख्रिस्ती होती, त्यांना बाटवायचं कुणी आणि कशासाठी?

चर्च त्यांच्यासाठी करतं ते बहुतेक साधंच असतं. इंग्रजीत एक मिस्सा ठेवायची, ती संपल्यावर चहा द्यायचा, नव्या पोराला कुणाच्या तरी ओळखीने खोली मिळवून द्यायची. ही शेवटची गोष्ट छोटी नाही. टिळकवाडी-अनगोळ भागात खोली शोधणाऱ्या बाहेरच्या मुलाला आपण पहिला प्रश्न काय विचारतो ते आठवा: नॉनव्हेज करणार का? आडनाव विचारून होतं, चेहरा न्याहाळून होतो, मग ‘दुसऱ्यांनी आधीच ॲडव्हान्स दिलाय’. आम्ही दार लावायचं आणि ज्या एका आवारात त्यांना बसायला खुर्ची मिळते त्या आवाराचा फोटो काढून फिरवायचा, हे जरा अतीच झालं. यात चर्चवाले फार थोर आहेत असंही मी म्हणणार नाही. मराठी मिस्सेला येणारे आणि इंग्रजी मिस्सेला येणारे एकमेकांशी किती बोलतात ते पाहिलं की तिथेही गावकुस आहे हे कळतं. बाहेरून आलेल्याला चहा मिळतो; समितीवर जागा मिळायला वेळ लागतो.

‘त्यांची संस्कृती आपल्यावर लादतात’ हे याच दाव्याचं शेपूट. कॅम्पातला ओल्ड मॅन आठवा. जुन्या पँट-शर्टात गवत, पेंढा, चिंध्या कोंबायच्या, मुखवटा लावायचा, पोटात फटाके घालायचे आणि 31 डिसेंबरला बाराच्या ठोक्याला पेटवायचा. ही पद्धत छावणीतल्या अँग्लो-इंडियन आणि गोव्याकडच्या लोकांकडून आली म्हणतात. आज शहरातल्या गल्ल्यागल्ल्यांत हिंदू-मुसलमान पोरं वर्गणी काढून तो जाळतात, आणि डिसेंबर सरत आला की कॅम्पात तयार ओल्ड मॅन विकायला रस्त्याकडेला उभे असतात. कुणी लादलं? आवडलं, उचललं. बेळगाव हे असंच आहे.

आमिषाचा दावा. चिकोडी, रायबाग, अथणी, कागवाडच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, जड दुखणं आलं की पेशंटला कुठे न्यायचे? मिरजेला. तिथल्या मिशन हॉस्पिटलात. कॅनडात जन्मलेल्या विल्यम वानलेसनी प्रेसबिटेरियन मिशनतर्फे ते 1894 मध्ये सुरू केलं. वानलेस मिशनरी होते आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. रुग्णालय मिशनचं, तेव्हा तिथे प्रार्थना व्हायची यात नवल नाही. मग सव्वाशे वर्षांत काय झालं? भाकरीचं गाठोडं आणि स्टोव्ह घेऊन पेशंटबरोबर गेलेली माणसं ऑपरेशन करून घेऊन परत आली आणि यल्लम्माच्या जत्रेला गेली. सांगली जिल्ह्यात काय किंवा बेळगाव जिल्ह्यात काय, ख्रिस्ती लोकसंख्या आजही शंभरात एक नाही. सेंट पॉल्समधून तर 1856 पासून मराठा, लिंगायत, जैन, ब्राह्मण, मुसलमान घरांतली किती पोरं बाहेर पडली असतील! ती शिकली, नोकऱ्यांना लागली आणि आपापल्या देवघरात परतली. आमिष म्हणायचं तर गळाला मासा लागल्याचं दिसायला नको?

धर्मांतराची ‘लाट’ म्हणतात तिचंही तेच. कर्नाटकात ख्रिस्ती 2001 च्या जनगणनेत 1.91 टक्के होते, 2011 मध्ये 1.87. यावर ठरलेलं उत्तर येतं की लोक कागदोपत्री हिंदूच राहतात. काही ठिकाणी राहत असतील, कारणही उघड आहे: 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. पण मग लालूच कुठल्या बाजूची म्हणायची? सवलत तर धर्म न बदलण्याला आहे. आणि कागदावर मोजदादच होत नसेल, तर मेसेजमधला ‘लाखोंचा’ आकडा कुणी मोजला?

पैशाबद्दल थोडक्यात. परदेशी देणगी घ्यायची तर केंद्रीय गृहखात्याकडे नोंदणी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यावरच घेता येतो, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि कारभारावर 20 टक्क्यांहून जास्त खर्च चालत नाही. खानापूरच्या एखाद्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात डॉलर येतात असं ज्याला वाटतं, त्याने तिथली दानपेटी एकदा उघडताना बघावी. दहा-वीसच्या नोटा असतात.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र मीच काढतो, कारण या सगळ्यात खरा आक्षेप घ्यायचा तर तो तिथे आहे. काही नव्या प्रार्थनासभांच्या पोस्टरवर ‘असाध्य आजार बरे होतील’ असं छापलेलं असतं. माणूस इन्सुलिन सोडून सभेला बसला तर जीव जातो. धर्मप्रसाराचा हक्क घटनेच्या पंचविसाव्या कलमात आहे, पण त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच सांगितलंय. आजार बरा करण्याची जाहिरात तर त्याहून लांबची. तिच्यासाठी 1954 चा चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे. मधुमेह, कर्करोग असली नावं त्याच्या यादीत आहेत. पोलिसांत जा, पोस्टर दाखवा, तक्रार द्या. फक्त तो कायदा धर्म बघत नाही. मंतरलेल्या ताईताने साखर उतरवण्याची जाहिरात करणारा आपला देवऋषीही त्यातच बसतो, आणि त्याचा नंबर मेसेज पाठवणाऱ्या बऱ्याच जणांच्या मोबाईलमध्ये सेव्ह असतो.