सिम बंद करायची घाई नको, आणि सेटिंग जिवंतपणीच करा

घरात कुणी वारलं आणि सुतक फिटायची गंधमुक्ती झाली की आपल्या जळगाव-धुळ्याकडे दोन कामं फार लवकर उरकतात. गेलेल्या आप्पांचा मोबाइल रिसेट करून नातवाला देतात, आणि 'आता कोण वापरणार' म्हणून नंबरचं रिचार्ज थांबवतात. माझं स्पष्ट मत आहे, ही दोन्ही कामं सगळ्यात शेवटी करायची.

कारण कुठल्या बँकेत खातं होतं, विम्याचा हप्ता कुठून कटत होता, शेअरचं डिमॅट खातं होतं की नाही, हे घरच्यांना बहुतेक वेळा त्या नंबरवर येणाऱ्या मेसेजवरूनच कळतं. प्रीपेड नंबर 90 दिवस अजिबात वापरला नाही आणि शिल्लक 20 रुपयांच्या खाली असली, की कंपनी तो बंद करू शकते. पुढे तो दुसऱ्याला मिळतो. मग तुमच्या मोबाइलमध्ये 'आप्पा' या नावापुढे कुणा परक्याचा फोटो दिसायला लागतो. त्यापेक्षा छोटं रिचार्ज चालू ठेवा आणि मृत्यूचा दाखला व वारसाची केवायसी घेऊन कंपनीच्या दुकानात नंबर नावावर करून घ्या.

सिम हाती आहे म्हणून यूपीआयनं पैसे मात्र काढू नका. मृत्यूच्या तारखेनंतरची प्रत्येक नोंद स्टेटमेंटमध्ये दिसते, आणि भावाभावांत कोर्टकचेरी व्हायला तेवढं पुरतं. बँकेला दाखला द्या, नॉमिनीमार्फत क्लेम करा. 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला 4 नॉमिनी लावता येतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचाच.

व्हॉट्सॲप 120 दिवस वापरात नसलं की खातं पुसलं जातं. चॅट फोनमध्ये राहतं, पण फोन रिसेट केला की तेही गेलं. लॉक उघडत नाही म्हणून जबरदस्तीनं रिसेट केलेला अँड्रॉइड फोन परत जुनंच गूगल खातं मागतो, म्हणजे फोटोही गेले आणि फोनही अडकला.

आता जिवंतपणी करायचं काम. 'अभद्र बोलू नको रे भो' असं कुणी म्हणालं तरी करा.

सगळ्यात कामाची सोय गूगलची. खात्याच्या सेटिंगमध्ये 'डेटा अँड प्रायव्हसी', तिथं खाली 'डिजिटल लेगसी'चा, म्हणजे आपल्या मागे डेटा कुणाला द्यायचा याचा प्लॅन. खातं किती महिने बंद दिसल्यावर कळवायचं ते ठरवा: 3, 6, 12 किंवा 18. मग 10 पर्यंत माणसं निवडता येतात, आणि कुणाला फक्त फोटो, कुणाला मेल, असं वाटूनही देता येतं. कळवल्यानंतर त्यांना डेटा उतरवून घ्यायला 3 महिने मिळतात.

गडबड दोन ठिकाणी होते. निवडलेल्या माणसाची ओळख मोबाइल नंबरवरून पटवतात. पोरगा पुण्याला किंवा सुरतला गेला, नंबर बदलला आणि इथं जुनाच राहिला, तर दार उघडत नाही. दुसरं म्हणजे घरचे तोच फोन त्याच खात्यावर वापरत राहिले, तर गूगलला खातं चालूच दिसतं आणि मुदत सुरूच होत नाही. शेवटी 'खातं डिलीट करा' असाही पर्याय येतो. अहिराणी गाण्यांचं यूट्यूब चॅनल चालवणाऱ्यांनी तो निवडताना दहादा विचार करावा, खात्याबरोबर चॅनलही जातं. काहीच ठरवलं नाही तरी 2 वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं काढून टाकण्याचा गूगलचा नियम आहेच.

फेसबुकवर 'अकाउंट्स सेंटर', 'पर्सनल डिटेल्स', 'अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल', 'मेमोरियलायझेशन'. तिथं लेगसी कॉन्टॅक्ट, म्हणजे आपल्या मागे खातं बघणारा माणूस नेमा, नाहीतर मृत्यूनंतर खातं काढायला सांगा. नेमलेला माणूस प्रोफाइल फोटो बदलू शकतो, वरती एक पोस्ट लावू शकतो. तुमचे मेसेज वाचू शकत नाही, हे बरंच आहे! गावाचं किंवा केळीच्या भावाचं पेज असेल आणि ॲडमिन तुम्ही एकटेच असाल, तर मृत्यूनंतर खातं स्मृतिरूप (मेमोरियलाइज) झाल्यावर ते पेजही काढलं जातं. आजच दुसरा ॲडमिन करा.

आयफोनवाल्यांसाठी 'साइन-इन अँड सिक्युरिटी'मध्ये लेगसी कॉन्टॅक्ट आहे. वारसाला ॲक्सेस की (नेमताना मिळणारा कोड) आणि मृत्यूचा दाखला दोन्ही लागतात, म्हणून की छापून कपाटातल्या कागदांत ठेवा. त्यातून कीचेनमधले, म्हणजे ॲपलमध्ये साठवलेले पासवर्ड मिळत नाहीत.

राहिलं मृत्युपत्र. मोबाइलमध्ये टाइप केलेलं किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेलं चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 मधून मृत्युपत्र वगळलेलं आहे. कागदावर, सही करून, 2 साक्षीदारांच्या सह्यांसह. त्यात खात्यांची यादी आणि कोणतं कुणी बघायचं ते लिहा. पासवर्ड लिहू नका, मृत्युपत्र पुढे चार लोकांच्या हातांतून जातं. पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात ठेवा आणि पाकीट कुठं आहे ते एकाला तरी सांगून ठेवा.