सिंक रखडले म्हणून अँटिव्हायरस बंद करू नका

विंडोज संगणकावर फाइलींचे सिंक, म्हणजे संगणकावरचा फोल्डर आणि इंटरनेटवरचा (क्लाउडमधला) त्याचा साठा सारखा ठेवण्याचे काम, मंद का चालते, या प्रश्नावर पाच उपाय सांगणारा एक संदेश सध्या सोलापुरातील व्यापाऱ्यांच्या आणि कर सल्लागारांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. इंटरनेटचा मोठा प्लॅन घ्या, विंडोजने अडवून ठेवलेली २० टक्के बँडविड्थ (जोडणीची क्षमता) मोकळी करा, अँटिव्हायरस बंद ठेवा, क्लीनर चालवा आणि एवढ्यानेही भागले नाही तर सिंकचा फोल्डर पुसून सॉफ्टवेअर नव्याने टाका, असा त्याचा मथितार्थ आहे. येथील लहान कार्यालयांचे संगणक सांभाळणे हाच माझा व्यवसाय असल्याने या उपायांनी झालेला घोळ निस्तरण्याची वेळ माझ्यावर दोनदा आली आहे.

प्लॅन वाढवण्याचा सल्ला सर्वांत निरुपद्रवी वाटतो आणि बहुतेक वेळा पैसे वाया घालवतो. कंपन्या जाहिरातीत जी गती सांगतात ती मुख्यतः डाउनलोडची असते, तर आपल्या संगणकावरून फाइल वर जाताना अपलोडची गती लागते. अनेक फायबर योजनांत या दोन्ही गती सारख्या असल्या, तरी प्रत्येक जोडणीत तसे असेलच असे नाही. अपलोड १० एमबीपीएस असेल, तर सेकंदाला जास्तीत जास्त सव्वा मेगाबाइट वर जाते, कारण एमबीपीएसमध्ये बिट मोजतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. त्या हिशेबाने ९ जीबीच्या फोल्डरला दोन तास लागणारच, आणि याला बिघाड म्हणता येत नाही.

परंतु खरी अडचण पुष्कळदा गतीत नसून फाइलींच्या संख्येत असते. प्रत्येक फाइल पाठवण्यापूर्वी आणि पाठवल्यानंतर सॉफ्टवेअर आणि सर्व्हर यांच्यात काही निरोपांची देवाणघेवाण होते. तिला फाइलमागे पाव सेकंद लागतो असे धरले, तर २०,००० फाइलींना एक तास तेवीस मिनिटे लागतात, मग त्या सगळ्या मिळून जेमतेम १ जीबी का असेनात. चार-चार फाइली एकदम गेल्या तरीही वीस मिनिटे जातात, आणि प्लॅन दुप्पट केल्याने हा वेळ जवळपास तसाच राहतो. टॉवेल किंवा चादरीच्या कारखान्यात जॅकार्डच्या डिझाइनचे आणि नमुन्यांच्या छायाचित्रांचे वर्षानुवर्षांचे फोल्डर जसेच्या तसे सिंकमध्ये टाकलेले असतात, तेथे नेमके हेच घडते. मायक्रोसॉफ्टचीही शिफारस अशी आहे की वनड्राइव्ह या तिच्या सिंकच्या सेवेमध्ये एकूण ३ लाखांहून अधिक फाइली सिंकमध्ये ठेवू नयेत.

म्हणून प्लॅन बदलण्यापूर्वी एक साधी चाचणी करावी. ५०० एमबीचा एकच व्हिडिओ सिंकच्या फोल्डरमध्ये टाकून वेळ मोजावा, आणि नंतर तेवढ्याच आकाराचा पण हजारो लहान फाइलींचा फोल्डर टाकून पुन्हा मोजावा. व्हिडिओही संथ गेला तर दोष जोडणीत शोधावा. व्हिडिओ झपाट्याने गेला आणि फोल्डर रखडला, तर जुने काम झिप करून ठेवावे किंवा सिंकच्या बाहेर काढावे. या वेळी टास्क मॅनेजरमध्ये (संगणकावरचा कामाचा ताण दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत) डिस्कचा रकाना सतत १०० टक्के दाखवत असेल, तर जुनी फिरती हार्ड डिस्क हेच कारण असू शकते, आणि तेथे इंटरनेटवर खर्च करण्यापेक्षा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवणे शहाणपणाचे ठरते.

नवी पेठेजवळच्या एका कार्यालयात मला तिसराच प्रकार आढळला. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर आणि आउटलुकची ईमेल साठवणारी काही जीबींची पीएसटी फाइल ही दोन्ही सिंकच्या फोल्डरमध्येच ठेवलेली होती. दिवसभर टॅली उघडे असल्याने तिच्या फाइली सतत बदलत होत्या आणि सिंकचे सॉफ्टवेअर त्यांच्यामागे धावून दमत होते. वनड्राइव्ह २०२० पासून सर्व प्रकारच्या फाइलींचा केवळ बदललेला भाग पाठवू शकते हे खरे, पण काय बदलले हे समजण्यासाठी फाइल वाचावी लागतेच, आणि ती दुसऱ्या प्रोग्रॅमने अडवलेली असेल तर ताटकळत बसावे लागते. दोन्ही गोष्टी बाहेर काढल्या, टॅलीचा बॅकअप तेवढा रोज संध्याकाळी सिंकमध्ये जाईल अशी व्यवस्था केली, आणि त्याच जुन्या प्लॅनवर तक्रार मिटली.

याच ओघात एक सांगण्याजोगी गोष्ट म्हणजे वीज गेल्यावर राउटर बंद पडतो, आपण लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडतो आणि सिंक ठप्प होते. ते नेटवर्क विंडोजमध्ये मीटर्ड (मोजून डेटा वापरायचे) म्हणून नोंदलेले असेल, किंवा बॅटरी सेव्हर चालू झालेला असेल, तर वनड्राइव्ह आपणहून थांबते. त्याला मंद म्हणणे अन्यायाचे आहे.

२० टक्के बँडविड्थची कथा विंडोज एक्सपीच्या काळापासून चालत आलेली आहे. ही मर्यादा केवळ प्राधान्य मागणाऱ्या प्रोग्रॅमसाठी असते, आणि तसा प्रोग्रॅम डेटा पाठवत नसेल तेव्हा संपूर्ण जोडणी इतरांना मिळते, असा खुलासा मायक्रोसॉफ्टने तेव्हाच केला होता. शिवाय ज्या ग्रुप पॉलिसीच्या खिडकीत हा बदल करायला सांगतात, ती विंडोजच्या होम आवृत्तीत नसतेच.

अँटिव्हायरस बंद ठेवण्याचा सल्ला मात्र घातक आहे. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर प्रत्येक नवी फाइल तपासतो आणि त्यामुळे पहिल्या मोठ्या सिंकच्या वेळी थोडा वेळ जातो, हे मान्य. पण सिंकचा फोल्डर ही बाहेरच्या माणसांच्या फाइली आत येण्याची वाट आहे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्रायने दाखवून दिले त्याप्रमाणे खंडणीखोर व्हायरस फाइली कुलूपबंद करतो. सिंकच्या दृष्टीने ती कुलूपबंद फाइल म्हणजे नेहमीसारखाच एक बदल असतो, आणि तो बदल इमानेइतबारे कार्यालयातल्या प्रत्येक संगणकावर पोहोचवला जातो. टास्क मॅनेजरमध्ये अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल (डिफेंडरचेच तेथले नाव) खरोखरच प्रोसेसर खात असल्याचे वारंवार दिसले, तरच डिफेंडरच्या अपवादांत सिंकच्या सॉफ्टवेअरची प्रोसेस घालावी, संपूर्ण फोल्डर नव्हे. तसे केल्यास तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडताना तपासली जातेच.

क्लीनरबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या, चार जुन्या नोंदी पुसल्याने अपलोड वेगवान होत नाही.

राहिला फोल्डर पुसण्याचा उपाय. खाते जोडलेले असताना सिंकचा फोल्डर पुसला, तर सॉफ्टवेअर ती आपली आज्ञा समजून क्लाउडमधूनही फाइली काढते आणि मग इतर संगणकांवरूनही त्या जातात. सॉफ्टवेअर नव्याने टाकायचेच असेल, तर आधी संकेतस्थळावर जाऊन अलीकडच्या फाइली तेथे पोहोचल्या आहेत याची खात्री करावी, मग खाते अनलिंक करावे, म्हणजे त्या संगणकापासून तोडावे, आणि फोल्डर दुसऱ्या नावाने तसाच राहू द्यावा. एवढे करूनही पुढचे काही तास वेग कमीच दिसेल, कारण नव्याने जोडलेल्या सॉफ्टवेअरला प्रत्येक फाइल पुन्हा पडताळून पाहावी लागते. ज्यांनी संदेश वाचून फोल्डर आधीच पुसला आहे, त्यांनी वनड्राइव्हच्या संकेतस्थळावरील रिसायकल बिन आजच उघडावा. वैयक्तिक खात्यात तेथे फाइली साधारणपणे ३० दिवस राहतात आणि कार्यालयीन खात्यात ९३ दिवस.