‘कंट्रोल दाबून निवडा’ ही एक ओळ का पुरत नाही

आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. लांब यादीतून अनेक नावे निवडायची असतील तर ब्राउझरची मूळ बहुनिवड चौकट (कंट्रोलची कळ धरून एकेक नाव क्लिक करायची यादी) न वापरता चेकबॉक्सची, म्हणजे टिक करायच्या चौकटींची, यादी द्यावी, वर शोधण्याची सोय असावी आणि निवडलेली नावे बाजूला सतत दिसत राहावीत, असे मी मागच्या लेखात मांडले होते. त्यावर आपण लिहिले आहे की हे ‘खुर्चीत बसून केलेले लेखन’ आहे, ‘कंट्रोल दाबून निवडा एवढी एक ओळ लिहिली की काम भागते’, 36 जिल्ह्यांसाठी शोधचौकट हा अतिरेक आहे आणि अशा घरगुती बांधणीमुळे स्क्रीन रीडर (पडद्यावरचे वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांचे हाल होतात.

मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्याला आपण कधी भेटला नाहीत, त्याने कोणाशेजारी बसून काम पाहिले आणि कोणाशेजारी नाही, हे आपण इतक्या खात्रीने कसे सांगता? मुद्दा खोडायचा तर मुद्दा खोडावा. माणसाच्या अनुभवावर शेरा मारणे त्यासाठी आवश्यक नव्हते.

ती ‘एक ओळ’ मी स्वतः लिहिलेली आहे, ठळक अक्षरांत, 2011 साली. एका कार्यालयासाठी मी नोंदणीचा फॉर्म करत होतो आणि प्रशिक्षणासाठी गावे निवडायची होती. एकेका तालुक्याच्या यादीत शंभरावर नावे होती. तिथल्या लिपिक बाईंनी ती ओळ वाचली, समजून घेतली आणि कंट्रोलची कळ धरून चाळीसेक गावे निवडली. मग हातातला कागद उलटण्यासाठी त्यांनी कळ सोडली आणि पुढचे गाव नुसतेच क्लिक केले. आधीची सगळी निवड त्या क्षणी पुसली गेली. त्या यादीच्या तळाशी होत्या, निवडलेली गावे वर सरकून दिसेनाशी झाली होती, त्यामुळे काही बिघडल्याचे त्यांच्या लक्षातही आले नाही. मी मागे उभा होतो आणि माझ्याही लक्षात आले नाही. नोंद झाली ती शेवटच्या एका गावाची. वाचून, समजून, काळजीपूर्वक काम करणाऱ्या व्यक्तीच्या हातून हे घडले, म्हणूनच सूचना आणखी ठळक करण्याने ते टळेल असे मला वाटत नाही.

शिवाय ती ओळ सर्वत्र खरीही नसते. बहुनिवडीची ही सोय वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेत 1995 च्या 2.0 आवृत्तीपासून आहे. मॅकवर तिच्यासाठी कमांडची कळ लागते, मोबाइलच्या पडद्यावर यांपैकी कोणतीच कळ नसते, आणि तिथे ब्राउझर स्वतःची वेगळी यादी उघडतो. एकाच फॉर्मवर तीन वेगवेगळ्या सूचना लिहायच्या की प्रत्येकाला माहीत असलेली टिकची चौकट द्यायची, याचा निर्णय आपणच करावा.

जिल्ह्यांबाबत आपले म्हणणे मला मान्य आहे. 36 नावे नजरेखालून घालता येतात. ते उदाहरण मी चुकीचे निवडले. मात्र तालुक्यांची संख्या साडेतीनशेच्या वर आहे आणि गावांची तर मोजदादच नको, तिथे शोधाशिवाय भागत नाही. तो शोधही नीट करावा लागतो: जुने नाव टाइप करणाऱ्याला ‘उस्मानाबाद’वरून ‘धाराशिव’ सापडले पाहिजे, ‘ऱ’ एकाच संगणकीय संकेताने लिहिला असो वा ‘र’ला नुक्ता (अक्षराखालचे टिंब) जोडून, दोन्ही जुळले पाहिजेत, आणि शोधशब्द बदलला म्हणून आधी केलेली टिक नाहीशी होता कामा नये.

स्क्रीन रीडरच्या मुद्द्यावर मी फार लिहीत नाही. चेकबॉक्स हाही ब्राउझरचाच मूळ घटक आहे, घरगुती बांधणी नव्हे. फील्डसेट (चेकबॉक्सचा गट बांधणारा एचटीएमएलचा घटक) आणि लेजंड (त्या गटाचे शीर्षक) दिले की गटाचे नावही वाचले जाते. हे मूळ लेखाच्या चौथ्या परिच्छेदात आहे, आणि तिथपर्यंत आपण पोहोचला असतात तर हा आक्षेप बहुधा घेतला नसतात.

लेखातले जिल्ह्यांचे उदाहरण आज काढून तालुक्यांचे घालतो आहे. निवडलेल्या नावांची वेगळी यादी, तिच्यावरील आकडा आणि प्रत्येक नावापुढचे ‘काढा’ हे बटण मात्र आहे तसेच राहील.