झुलूंच्या गावात दहा दिवस, आणि एक फॉर्म

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर आमच्या मंडळीच्या सेक्रेटरींनी पुढच्या वर्षीच्या मिशन ट्रिपसाठी नावं मागितली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम जाऊन आल्यात, दोन शब्द साक्ष सांगतील." मी उठले. प्रभूने कसं सांभाळलं, मुलं किती गोड, गाणी किती सुंदर, असं तीन मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. खोटं त्यात काहीच नव्हतं. पण घरी पोचेपर्यंत मला माझाच राग आला होता, म्हणून हे लिहायला बसलेय. लांबलंय. कंटाळा आला तर सरळ खाली जाऊन 'आमेन' लिहा, चालतं आपल्याकडे.

गेल्या जुलैत आम्ही नऊ जण दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात, तिथल्या झुलू लोकांत, दहा दिवस राहिलो. डर्बनपासून आत, 'व्हॅली ऑफ अ थाउजंड हिल्स' म्हणतात त्या डोंगरांत. विमान, व्हिसा, राहणं धरून माणशी एक लाख साठ हजार. थोडे पदरचे, बाकीचे मंडळीतल्या लोकांनी दिलेले. एका आजींनी पेन्शनमधले दोन हजार पाकिटात घालून दिले होते, ते पाकीट अजून माझ्या बायबलमध्ये आहे. काम काय? सकाळी मुलांची व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा (तिकडे जुलै म्हणजे थंडी, शाळांना सुट्टी), दुपारी घरोघर जाऊन प्रार्थना, आणि चर्चच्या स्वयंपाकघराला रंग. रंगाबद्दल एवढंच सांगते की आम्हा नऊ जणांत आयुष्यात भिंतीला ब्रश लावलेला एकही नव्हता, आणि त्या गावात काम नसलेली दहा-बारा तरुण मुलं रस्त्याकडेला बसून आमच्याकडे बघत होती.

निघण्याआधी पुण्यात तयारीचे वर्ग झाले, तेव्हा आम्हाला सांगितलं होतं, "आपण गोरे नाही, त्यामुळे ते लोक आपल्याला पटकन जवळ करतील." पहिल्याच सकाळी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्याजवळ आला आणि दुभाष्या मुलीला काहीतरी विचारू लागला. ती हसायला लागली. म्हणाली, "तो विचारतोय, तुमचं दुकान कुठल्या गावात आहे?"

मला तेव्हा गंमत वाटली. रात्री नीट कळलं. १६ नोव्हेंबर १८६० ला 'ट्रूरो' नावाचं जहाज मद्रासहून डर्बनला लागलं, उसाच्या मळ्यांसाठी गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर घेऊन. पुढे १९११ पर्यंत दीड लाखावर माणसं अशी गेली, आणि मागोमाग स्वतःच्या पैशाने तिकीट काढून व्यापारी गेले. गोऱ्या सरकारने जमिनीच्या आणि वस्त्यांच्या अशा उतरंडी करून ठेवल्या की झुलू माणसाला रोज भेटणारा 'वरचा' माणूस बऱ्याचदा गल्ल्यावर बसलेला भारतीय असायचा. १९४९ च्या जानेवारीत डर्बनमध्ये दंगल झाली, शंभराहून जास्त माणसं मेली. २०२१ च्या जुलैत डर्बनजवळच्या फिनिक्सच्या भागात पुन्हा रक्त सांडलं, त्या वेळी मारले गेलेले बहुतेक काळे होते. तेच फिनिक्स, जिथे गांधीजींनी १९०४ साली आश्रम काढला. म्हणजे माझा चेहरा त्या मुलाला अनोळखी नव्हताच. मी गोरी मिशनरी नव्हते हे खरं, पण मी दुकानदारीण होते, आणि पुण्याच्या वर्गात याचा कुणी एका वाक्यानेही उल्लेख केला नव्हता. आम्हाला घेऊन जाणारी डर्बनची मंडळीही भारतीय वंशाचीच. चांगली, जीव लावणारी माणसं. पण आमचा दहा दिवसांचा कार्यक्रम ठरला त्या बैठकीत एकही झुलू माणूस नव्हता, हे तिथल्या पाळकसाहेबांनीच मला हळूच सांगितलं.

आम्हा तीन बायकांची राहायची सोय एका गोगोंकडे होती. गोगो म्हणजे आजी. वय सत्तरीपार, तरुणपणी डर्बनमध्ये लोकांच्या घरी कामाला होत्या, त्यामुळे इंग्रजी कामापुरतं छान. अंगणात पाण्याची हिरवी प्लॅस्टिकची टाकी, एक पत्र्याचं घर, एक गोल झोपडी. पहिल्या रात्री ताटात उकडलेल्या अळकुड्या! तिकडे त्यांना अमाडुंबे म्हणतात. माझ्या आईकडच्या परसात हेच कंद निघायचे. सोबत मक्याच्या पिठाचा मोकळा फुतू आणि आंबट दूध, अमासी. मी गोगोंना म्हटलं, आमच्याकडे अळकुड्या चिंच-गूळ घालून करतात. त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की चांगल्या कंदाची ही नासाडी त्यांना पटलेली नाही.

तिकडे वस्तू देता-घेताना उजव्या हाताला डाव्या हाताचा आधार देतात. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, एवढंच नाही तर त्या नावातली अक्षरं ज्या शब्दांत येतात ते शब्दही टाळायचे, त्याऐवजी दुसरे शब्द वापरायचे. याला 'ह्लोनिफा' म्हणतात. मी त्यांना आपला उखाणा समजावून सांगितला. आमच्या आज्या नवऱ्याचं नाव कवितेत लपवून घ्यायच्या म्हटल्यावर गोगो इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला.

गोगोंच्या दोन मुली एचआयव्हीने गेल्या. सरकारी दवाखान्यांत औषधं मिळायला २००४ साल उजाडलं, त्या दोघी त्याआधीच. त्यांची मुलं गोगोंनी वाढवली, आता त्या मुलांची मुलं वाढवताहेत. हे त्यांनी मक्याचं पीठ ढवळता ढवळता सांगितलं.

गुरुवारी बायकांची प्रार्थना असते. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेच्या जुन्या मंडळ्यांत त्या बायकांच्या संघाला 'इसिलिलो' म्हणतात, म्हणजे आक्रोश, विलाप. १९१२ पासून चालू आहे. मी आपली मागच्या बाकावर. एक बाई उठून बोलली, मग सगळ्या गुडघ्यावर, आणि सगळ्या एकदम मोठ्याने रडत प्रार्थना करू लागल्या. मधूनच एकीने गाणं उचललं की बाकीच्या चार स्वरांत मिसळायच्या. पेटी नाही, ढोलकी नाही, कागद नाही. मला शब्द एकही कळला नाही. माझ्या आजीची आठवण आली. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या देवळात (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणायचे) ती अशीच जमिनीला कपाळ टेकून प्रार्थना करायची.

परत येताना गोगोंनी विचारलं, "तुमच्या भागात येशूला मानणारे किती?" मी म्हटलं, महाराष्ट्रात शंभरातला एक, तोसुद्धा जेमतेम. त्या चालता चालता थांबल्या. दक्षिण आफ्रिकेच्या २०२२ च्या जनगणनेत शंभरातले पंचाऐंशी ख्रिस्ती आहेत. हा आकडा मी नंतर पाहिला, पण गोगोंना तो रस्त्यावरच्या देवळांवरून माहीतच होता. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही इकडे कशाला आलात? आम्ही तिकडे यायला हवं." चेष्टा नव्हती. त्यांना खरंच कोडं पडलं होतं. त्या रात्री आम्हा तिघींच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी नगरसाठी प्रार्थना केली. 'नगर' शब्द नीट म्हणता यावा म्हणून आधी दोनदा विचारून घेतला.

आठव्या दिवशी आम्हाला ग्राउटव्हिलला नेलं. तिथल्या देवळाच्या आवारात अल्बर्ट लुथुलींची कबर आहे. १९६० चं शांततेचं नोबेल मिळालेले लुथुली. ते देवळात उपदेश करायचे, ॲडम्स कॉलेजात शिक्षक होते, आणि १९३८ साली मद्रासजवळ तांबरमला मिशनरी परिषदेला येऊन गेले होते. गावाचं नाव आल्डिन ग्राउट या मिशनऱ्यावरून, कॉलेजचं डॉ. न्यूटन ॲडम्सवरून. दोघांना पाठवणारी संस्था कोणती? अमेरिकन बोर्ड. १८१३ ला मुंबईत पोचलेल्या मिशनरी गॉर्डन हॉलना पाठवणारी, १८३१ पासून नगरला काम करणारी, माझ्या पणजोबांना शाळेत घालणारी. झुलूंकडे त्यांची माणसं १८३५ ला पोचली. म्हणजे त्या कबरीपाशी आम्ही एकाच घरातली दोन भावंडं समोरासमोर उभी होतो, आणि कुणालाच ते ठाऊक नव्हतं. आमच्या टीमचा तिथे वीस मिनिटांचा मुक्काम होता. ग्रुप फोटो, मग चहा.

त्या जुन्या मिशनऱ्यांना झुलूंमध्ये पहिला बाप्तिस्मा द्यायला अकरा वर्षं लागली, १८४६ साल आलं, आणि ती पहिली व्यक्ती म्हणजे एक म्हातारी बाई. अकरा वर्षं ते भाषा शिकत होते. त्यांच्या चुकाही मोठ्या. १८७९ च्या त्यांच्या नियमांनी लोबोला, म्हणजे लग्नात मुलीकडच्यांना गुरं द्यायची रीत, पाप ठरवून बंद केली. घरंच्या घरं दुखावली. पण निदान ज्यांना दुखावलं त्यांच्याच शेजारी ते राहत होते, म्हातारे होत होते. आम्ही? आमच्यातल्या एका भावाने तिसऱ्या दिवशीच, एका घरात झोपडीच्या मागच्या बाजूची पूर्वजांची जागा बघून, दारातच उपदेश सुरू केला. घरमालक शांतपणे ऐकत उभा. हाच भाऊ पुण्यात मुलासाठी स्थळ बघताना 'मूळचे कोण?' हे पहिलं विचारतो. हे मला माहीत आहे, कारण स्थळ माझ्याच भाचीचं होतं.

माझीही गोष्ट सांगते, नाहीतर दुसऱ्यांनाच बोलल्यासारखं होईल. दुसऱ्या दिवशी मी मुलांना हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. मी दहा मिनिटं बोलले, दुभाष्या मुलीने दोन वाक्यांत आटपलं. मुलांना ती गोष्ट माझ्यापेक्षा चांगली येत होती. मग त्यांनी मला 'इकांडा', म्हणजे अंडं, म्हणायला शिकवलं. त्यातल्या 'क' ला टाळूवर जीभ आपटून टॉक आवाज काढावा लागतो. मी तो काढला की अख्खा वर्ग जमिनीवर लोळायचा. बदल्यात मी त्यांना 'ळ' शिकवला. दहा दिवसांत माझ्या हातून घडलेली सगळ्यात प्रामाणिक सेवा ती होती.

आणि फोटो. साधारण १९८७ साली आमच्या गावातही अशी परदेशी पाहुण्यांची टीम आली होती. गोळ्या वाटल्या, मला मांडीवर घेऊन एका बाईंनी फोटो काढला. मी फाटक्या फ्रॉकमध्ये होते. चांगला फ्रॉक आईने नाताळसाठी ट्रंकेत ठेवला होता. तो फोटो मी कधीच पाहिला नाही. कुणाच्या तरी देवळाच्या फळ्यावर लागला असेल, खाली काय लिहिलं असेल देव जाणे. गेल्या जुलैत माझ्या मोबाइलमध्ये झुलू मुलांचे दोनशे चौदा फोटो होते. एकाच्याही आईला विचारलं नव्हतं. परतीच्या विमानात बसून मी ते पुसले. ग्रुपवर आधी टाकलेले मात्र फिरतच राहिले, त्यातला एक मागच्या रविवारी पडद्यावरही होता.

जाऊ नका असं मी म्हणत नाही. मी गेले नसते तर गोगो भेटल्या नसत्या. पण तिकिटावर 'सेवा' लिहू नका. पाहुणे म्हणून जा, कमी जण जा, आधी तिथली माणसं काय म्हणतात ते ऐका, भिंती तिथल्या पोरांना मजुरी देऊन रंगवा. आणि नऊ जणांच्या चौदा लाख चाळीस हजारांतले थोडे उलट्या दिशेचं तिकीट काढायला ठेवा.

काल सेक्रेटरींनी फॉर्म पाठवला. मी भरून दिला आहे, नाव गोगोंचं लिहिलंय, आमच्या कापणीच्या सणाला. सेक्रेटरींचा लगेच फोन, "अहो मॅडम, हा फॉर्म जाणाऱ्यांसाठी आहे, येणाऱ्यांसाठी नाही." मग जरा थांबून, "आणि त्या राहणार कुठे?"

आमच्याकडे. पासपोर्टचं त्यांची नात बघतेय. अळकुड्या मी चिंच-गूळ न घालता करीन.