बॅटरीवरील चाकाची खुर्ची उतारावर ‘आपोआप सुटते’ या संदेशाबाबत खुलासा

‘बॅटरीवरची चाकाची खुर्ची उतारावर आपोआप सुटते, ज्येष्ठांना देऊ नका,’ हा पंचवटीतील गटांवर फिरणारा संदेश दिशाभूल करणारा आहे. अशा बहुतेक खुर्च्यांच्या मोटारींना विद्युतचुंबकीय ब्रेक असतो आणि जॉयस्टिकवरचा (खुर्ची चालवण्याच्या छोट्या दांडीवरचा) हात काढताच किंवा वीज बंद होताच तो आपसूक लागतो. खुर्ची घरंगळते ती मुख्यतः, हाताने ढकलता यावी म्हणून मोटारीजवळचा क्लच (मोटार चाकांना जोडणारा-सोडवणारा खटका) सोडवून ठेवला असेल तेव्हा, कारण त्या स्थितीत हा ब्रेक काम करत नाही. माहितीपुस्तिका वाचून मी आईच्या खुर्चीवर इमारतीच्या रॅम्पवर हे तपासले. जॉयस्टिक सोडताच ‘टक्’ असा आवाज झाला आणि खुर्ची जागीच थांबली.

म्हणून बसण्यापूर्वी क्लच पूर्ववत आहे ना, हे पाहावे आणि खुर्चीत बसता-उठताना ती बंद ठेवावी. मालेगाव स्टँडवरून रामकुंडाकडे उतरताना वेग सर्वांत कमी ठेवावा व सोबत कोणीतरी असावेच. भाजीच्या गाडीपर्यंत मात्र आई रोज एकटी जाते, आणि तो संदेश वाचून तिची खुर्ची काढून घ्या असे सुचवले गेले, याचे मला फार वाईट वाटले. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.